उंच पायाचा ग्लास

सॅक भरताना हेरंबनं
माझ्या लोकरी मोज्यांत गुंडाळून
उंच पायाचा एक काचेचा ग्लास ठेवला.
मी म्हटलं, निघालायस कुठे?
म्हणाला, फ्रान्सला.

निघालो होतो आलिराजपूरकडे.
इंदूरहून धारपर्यंत सायकली बसच्या टपावर,
पुढे आम्ही.
एकवीस गिअर, त्यातले चालणारे चार.
माझ्या घंटीला आवाजच नाही,
म्हणून उतारावर मीच ओरडायची:
भिया, बाजूऽऽ!

फ्रान्सचे पैसे
त्याच्या बाबांच्या बायपासमध्ये गेले.
त्यावर आम्ही बोलत नाही.
स्वयंपाकघरात कॅलेंडर अजून तसंच आहे,
तीन वर्षं जुनं, सप्टेंबरावर थांबलेलं.
द्राक्षांच्या रांगा, सायकलींवर दोघं,
ज्यांना कधीच घाम आलेला नाही.

टांड्याच्या चढावर कुणीच काही बोललं नाही.
बाघला नदीच्या गोट्यांवर
छापलेली कापडं वाळत होती.
हेरंब थांबला. हा लाल बघ, म्हणाला,
जुन्या वाईनचा असाच असतो.
तू कधी पाहिलीस? मी विचारलं नाही.
खालच्या कडेनं अजून पाणी गळत होतं,
गुलाबी.

कुक्षी मागे पडली आणि ताड सुरू झाले.
रांगेत नाहीत. कुणी बांधावर, कुणी शेताच्या मधोमध,
एक तर रस्त्यावर इतका वाकलेला
की ट्रकवाले त्याला ओळखत असणार.
पानांच्या खाली काळी मडकी.

थावरीबाईचे सात ताड.
एक सासऱ्याकडून, एक बकरी देऊन घेतलेला,
एकाला ती मेलेल्या दिराच्या नावानं हाक मारते.
आम्ही तिच्या ओसरीत झोपलो,
म्हणजे ती झोपली, आम्ही डास मारले.

उजाडायच्या आधी तिचा नानसिंग वर चढला.
मडकं दोरीवरून खाली आलं,
त्यात दोन मधमाश्या, थोडं आभाळ.
हेरंबनं मोज्यातून ग्लास काढला,
शर्टाला पुसला, ओतून घेतलं,
गोल फिरवलं, नाक आत घातलं, डोळे मिटले.
थावरी घाबरली.
"खराब है क्या?"

मी इतकी हसले
की पळसाच्या पानातली माझी
अर्धी मांडीवर सांडली.
गार. नारळाहून गोड. मागे किंचित धूर.

सूरज चढेगा तो ये भी चढेगी,
ती म्हणाली. अभी पी लो.
आम्ही पुष्कळ प्यायलो, आणि तरीही
दोन लिटरची बाटली हँडलला बांधून घेतली,
शहरातली माणसं.

साडेअकराला माझं मागचं चाक बसलं.
बाराला बाटली हँडलवर फुगायला लागली.
पंप तू आणणार होतास.
तू म्हणालीस मी ठेवते.
मी? सगळं मीच? तुझे बाबा, तुझी बँक, तुझं...
आणि बूच उडालं.
खरंच उडालं. बंदुकीसारखं.
रस्त्याकडेची शेळी पळाली.
पांढरा फेस त्याच्या गुडघ्यावर, माझ्या चेनवर,
आणि तीन वर्षांचं सगळं
त्या ऊन डांबरावर बाहेर.
मी ओरडले. तो ओरडला.
मग त्यानं एक वाक्य अगदी हळू म्हटलं:
मला वाटलं होतं तू नको म्हणशील,
आणि तू लगेच हो म्हणालीस,
तेव्हापासून मी तुझ्याकडे नीट बघितलेलंच नाही.

काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी बाटलीत उरलेलं ग्लासात ओतलं.
आंबट, पार बदललेलं, बुडबुड्यांचं.
सकाळच्याच झाडाचं.
त्यानं फिरवलं नाही, हुंगलं नाही. प्यायला.
मीही.
मग एका मोटरसायकलवाल्याकडून पंप मागितला.

ग्लास फुटला नाही, घरी परत आला.
पाय थोडा तिरका दिसतो, की मलाच वाटतं.
आता त्यात आमचे ब्रश असतात.